वेचणीच्या बोटांनी दाबलेलं बटण

दसरा उलटून पंधरा दिवस झाले की हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. हे मी पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, बाभळीला कसा लागेल? मग समजावून सांगावं लागलं. जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आमच्याकडे अशा काही फुगवून भरतात की वळणावर गाडी झाडांना अंग घासत जाते, आणि प्रत्येक काटा आपल्या वाटणीचा पुंजका ठेवून घेतो. यंदा अल्लीपूरला येताना एसटीच्या खिडकीतून तेच पाहत होते. पाहता पाहता लक्षात आलं, माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मांडीवर आपापली चालू आहेत. चिमूट करतात, ओढतात, सोडतात. शेजारची बाई बघायला लागली तेव्हा मी हात पर्सखाली घेतला.

ही बोटं मला मायने दिली. कापूस वेचणं फूल तोडण्यासारखं नसतं. बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. त्या टोकांमधून अंगठा आणि दोन बोटं एकदम आत घालायची आणि आतला सगळा कापूस एका ओढीत बाहेर काढायचा. एकाच बोटाने खरवडत बसलं तर अर्धा आतच राहतो. घाबरत घाबरत केलं तर वाळका पाला सोबत येतो. डावा हात एका बोंडावर, तोवर उजवा पुढच्यावर. मूठ भरली की कमरेच्या ओटीत. मी लहानपणी एकेक बोंड न्याहाळत बसायचे तर माय पुढच्या तासातून, म्हणजे झाडांच्या ओळीतून, ओरडायची, "बोंडाले काय इचारून राह्यली वो? हात घाल आन् ओढ."

विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी याच दिवसांत यायची. दव सुकलं की थोडा वेळ वेचायचं, मग हातपाय धुऊन एसटीने हिंगणघाटला पेपर द्यायला. बोटांवर बोंडाच्या टोकांच्या बारीक रेघा असायच्या, पेन धरलं की झोंबायच्या. एकदा पर्यवेक्षक बाईंनी माझ्या वेणीतून कापसाचा धागा काढून बाकावर ठेवला. मी मान खाली घातली नाही, उत्तर लिहीत राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही आणि डोळ्यांत पाणीही आणत नाही. बीसीए केलं, पहिल्या वर्गात केलं. बाबांनी गुणपत्रिकेच्या चार झेरॉक्स काढल्या होत्या. एक घरात ठेवायची होती. बाकीच्या तीन कोणाकोणाला दाखवायच्या, ते त्यांनी मी बारावीत असतानाच ठरवून ठेवलेलं होतं.

पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा गावात सगळ्यांना आनंद झाला, फक्त काम काय ते कोणाला समजेना. पंचफुला मावशीने सरळ विचारलं. मावशी म्हणजे मायची सख्खी बहीण नव्हे. तिचं वावर आमच्या वावराला लागून, वेचणीला आज ती आमच्यात तर उद्या माय तिच्यात, तेवढ्यावर मावशी.

"काय करतं वो तू तिथं?"

"मोबाइलचे अॅप असतात ना मावशी, ते बनवणारे बनवतात. मी त्याच्यातल्या चुका काढतो."

"तू बनवत नाई?"

"नाई."

"निसत्या चुका काढतं?"

"हाव."

मावशीने मायकडे पाहिलं. "हे तं सासूचं काम झालं बाई. आन् याच्यासाठी पंधरा वर्सं शाळा लागते म्हणते."

माय म्हणाली, "तुयी सासू तं बिनाशाळेची करत होती."

मी हसले, पण त्यात काही खोटं नव्हतं. टेस्टिंग म्हणजे तेच. दुसऱ्याने मन लावून केलेलं काम हातात घ्यायचं आणि कुठे उसवतं ते बघायचं. प्रत्येक गोष्टीसाठी एक ओळ लिहिलेली असते. बटण दाबल्यावर पान उघडतं का? नाव रिकामं ठेवलं तर सूचना येते का? उघडलं तर पास, नाही उघडलं तर फेल. अशा शेकडो ओळी, आणि प्रत्येकीसमोर माझं नाव. मी पास लिहिलं की ते काम पुढे जातं, लोकांच्या हातात.

आमच्या धंद्यात 'युजर' म्हणून एक माणूस असतो. सगळे त्याचं नाव घेतात, पाहिलेला कोणीच नसतो. युजर इथे दाबेल, युजर तिकडे जाईल. मी पुण्यात असताना माझ्या मनातला युजर स्वच्छ हाताचा होता, पंख्याखाली बसलेला, डाव्या हातात फोन धरून उजव्या अंगठ्याने हळूच दाबणारा. नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की तो माझ्या शेजारच्या खुर्चीवरचाच कोणीतरी आहे.

ज्या वेचणीची ही गोष्ट, ती माझ्या नोकरीच्या चौथ्या महिन्यात आली. पहिले सहा महिने प्रोबेशन, म्हणजे ठेवायचं की नाही ते ठरायचं होतं. कंपनीची जागा बदलत होती म्हणून दोन महिने घरून काम करा असं सांगितलं, आणि मी तीन टेस्टिंगचे फोन एका डब्यात घालून अल्लीपूरला आले. घरात रेंज एका खिडकीपुरती. वावरात मात्र बांधावरच्या कडुलिंबाखाली भरपूर. मग काय, पोतं अंथरायचं, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा. उन्हामुळे पडद्यावर काही दिसायचं नाही म्हणून ओढणी डोक्यावरून लॅपटॉपसकट पांघरून घ्यायचे. बाया पऱ्हाटीतून, कापसाच्या झाडांमधून, वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरगी पहा, जुन्या काळच्या फोटूवाल्या बुढ्यावानी झाली."

ओढणीच्या आत एक वेगळंच जग असायचं. उन्हाने तापलेल्या कापसाचा वास, त्याला थोडा सरकीचा तेलकटपणा. बाहेर बायांच्या बांगड्यांचा आवाज, पुढे सरकत गेलेला, मग वळून परत येणारा. कानात पुण्याची मीटिंग. कोणी विचारायचं, "मागे बकरीचा आवाज कोणाकडे येतोय?" मी माइक बंद करायचे. नंतर नंतर बंद करणं सोडून दिलं.

अॅपही आमच्याच कामाचं होतं. कापूस खरेदी केंद्रावर घरबसल्या नंबर लावायचा. नाव, गाव, सातबारा, वावरात उभं राहून एक फोटो, आणि शेवटी हिरवं बटण, 'नोंद करा'. दाबलं की हिरवी खूण येणार, मग तारीख कळणार, त्या तारखेला कापूस घेऊन जायचं. बाबांना मी गाडीवर बसून रांगेत दोन-दोन दिवस काढताना पाहिलेलं आहे, तेव्हा या अॅपचं मला खरोखर अप्रूप होतं. बाकी सगळे त्याला 'प्रोजेक्ट' म्हणायचे. मी मनात 'आपलं अॅप' म्हणायचे.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या महिन्यात मी एक काम अडवलं होतं. मोठी चूक सापडली असं सांगून बारा जणांना मीटिंगमध्ये थांबवलं, आणि निघालं काय, तर माझ्याच खोलीतलं नेट बंद पडलं होतं. निनाद सर आमचे लीड. तिथे सगळे त्यांना नुसतं निनाद म्हणतात, माझ्याच्याने ते कधी झालं नाही. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "यापुढे पूर्ण खात्री करून सांगत जा." रागावले असते तर परवडलं असतं. त्या दिवसापासून मी एकेक ओळ तीन-तीनदा तपासायला लागले आणि अडवायला मात्र घाबरायला लागले. 'नोंद करा' हे बटण मी तिन्ही फोनवर तपासलं. पास, पास, पास.

यंदा आल्यावर परवा वावरात गेले तर माय म्हणाली, "पुण्यानं हात मऊ केले तुये." दोन तासांत बोटं हुळहुळायला लागली, आणि मायची ओटी माझ्या दुप्पट. आता माय पन्नाशीच्या पुढे आहे. तिचा अंगठा आणि पहिली दोन बोटं मोकळी बसली तरी एकत्र येऊन असतात. चहाचा कप धरते तसाच, पोळी मोडते तशीच, भिंतीवरचं लाइटचं बटण दाबते तेही तसंच, तिन्ही बोटं टेकवून, जरा आपल्याकडे ओढून. मी जन्मल्यापासून हे पाहत आले होते आणि पाहिलं काहीच नव्हतं.

तर त्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी अॅप लोकांसाठी खुलं होणार होतं. माझा रिपोर्ट गेलेला होता, सगळं पास. दुपारी बाया लिंबाखाली जेवायला बसल्या. पंचफुला मावशीने भाकरीवर ठेचा घेतला आणि म्हणाली, "उद्या चालू होते म्हणतं, तं आजच दाखव ना मले. माया वावराचा नंबर मीच लावतो. पोराच्या मागं फिरा नाई लागत मंग."

ते तपासणीचं अॅप होतं, खरी नोंद होणार नव्हती. मी मावशीला तसं सांगून फोन दिला. मावशीने हात लुगड्याला पुसले. नाव मी टाकून दिलं, फोटो तिने स्वतः काढला, आणि हिरवं बटण आल्यावर म्हणाली, "हे दाबू?"

"दाब."

हिरवी खूण आली. 'आपली नोंद झाली आहे.' मावशीने फोन सगळ्यांसमोर फिरवला. मायने तोंडातला घास थांबवून बघितलं. मी सहज, म्हणजे सवयीने, लॅपटॉपवर मागची यादी उघडली. हिरव्या खुणेमागे नाव खरंच चढलं का ते तिथे दिसतं, तपासणीच्या अॅपमध्येही. पंचफुला मावशीचं नाव नव्हतं.

रेंज असेल, म्हटलं. मी स्वतः त्याच फोनवरून माझं नाव घालून दाबलं. माझं नाव आलं. मावशीला पुन्हा दाबायला लावलं. हिरवी खूण आली, नाव नाही. तिसऱ्यांदाही तसंच.

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू आता सैल पडायला लागलं होतं. फोन माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "मायंच काई चुकलं असन बाई. मले कुठं येते हे."

हे वाक्य मला कुठेही ऐकू आलं तरी ओळखू येतं. शाळेच्या दाखल्याच्या खिडकीवर, बँकेत, तहसीलमध्ये, आमच्या बाया हेच म्हणून अर्ज परत घेतात. नाव चुकलं, सही चुकली, रकाना चुकला. आयुष्यभर कोणीतरी आमच्या चुका काढत आलं आहे, आणि आम्हीही त्या आधीच कबूल करून टाकतो, समोरच्याचा वेळ जाऊ नये म्हणून. मी बीसीए होऊन पुण्यात बसले होते ते चुका काढायलाच, पण माणसाच्या नव्हे, त्या अर्जाच्या. हे मला नोकरीच्या मुलाखतीत कोणी सांगितलं नाही. लिंबाखाली मावशीने सांगितलं, तेही तिला न कळता.

"मावशी, आणखी एकदा दाब. हळू नको, जसं दाबलं तसंच."

मी स्क्रीनकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं एकत्र आली, बटणावर टेकली आणि आपल्याकडे ओढली गेली. बोंडावर हात घालावा तसं. एका बटणावर तीन स्पर्श. अॅपला वाटत होतं बटण पुन्हा पुन्हा दाबलं जातंय, आणि एकाच क्षणात एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी आल्या की मागची यंत्रणा कोणीतरी फसवतंय समजून सगळ्याच काढून टाकत होती. तोवर समोर हिरवी खूण येऊन गेलेली असायची. मायला दाबायला लावलं. बाकी दोघींना लावलं. चारही जणींची नावं गायब.

उद्या सकाळपासून अशा किती बाया, किती माणसं दाबणार होती. हिरवी खूण पाहून निश्चिंत होणार, गाडी भरून केंद्रावर जाणार, आणि तिथे सांगणार की यादीत तुमचं नाव नाही. आणि ते परत येताना म्हणणार, मायंच काई चुकलं असन.

आणि त्या ओळीसमोर 'पास' मी लिहिलेलं होतं.

मी फोन हातात घेतला आणि ठेवला. मायने विचारलं, "काय झालं?"

"मी चांगलं आहे म्हणून सांगतलं होतं. चांगलं नाई निघालं. आता सांगा लागन."

"मंग सांग."

"माय, मागंही एकदा मी काम अडवलं होतं, ते खोटं निघालं. आता पुन्हा अडवलं, आन् तेही मीच पास केलेलं. ठेवणार नाई ते मले, असं होऊ शकते."

मायने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. पोरीची नोकरी म्हणजे काय ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. मग म्हणाली, "पंचफुलाचं नाव त्याच्यात येते का नाई येत?"

"नाई येत."

"मंग? आधी सांगतं का आधी जेवतं?"

मी आधी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मला असं होत नाहीये. मी आत्ताच दाबून पाहिलं, नाव येतंय. तुमच्याकडे नेट नीट आहे ना?"

हाच प्रश्न येणार हे माहीत होतं. "नेट नीट आहे सर. तुम्ही अंगठ्याने दाबताय. इथे तीन बोटांनी दाबतात."

"तीन बोटांनी बटण कोण दाबतं?"

"आमच्याकडे सगळ्याच दाबतात. मी व्हिडिओ लावते, तुम्ही बघा."

मावशी उठायला लागली. "पुण्याले माया हात दिसन का? थांब, धुवून येतो."

"धुऊ नको मावशी. आहे तसाच पाह्यजे."

मी एका फोनने व्हिडिओ लावला आणि दुसरा मावशीपुढे धरला. पलीकडे सरांनी आणखी चार-पाच जणांना बोलावलेलं दिसत होतं, चेहरे दाटीवाटीने पडद्यात आले. मावशीने पदर नीट केला आणि दाबलं. सर म्हणाले, "परत एकदा दाखवाल का?"

"परत काऊन?" मावशी म्हणाली. "झालं ना चांगलं." पण दाखवलं.

मग सरांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात फोन असावा. आपला अंगठा आणि दोन बोटं त्यांनी एकत्र आणली, जरा अवघडून, पहिल्यांदा चिमटीने मीठ घेणाऱ्यासारखी. दोन-तीनदा केलं. मग म्हणाले, "माझं नाव गेलं."

मावशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आता कसं वाटते म्हणा त्याइले." पलीकडे कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

"हे तुम्ही पास केलं होतंत."

"हो सर. चुकीचं पास केलं. तिन्ही फोन बदलून पाहिले, पण अंगठा माझाच होता. ते खुलं करू नका."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. पुण्याच्या 'बरं'चा काहीही अर्थ होऊ शकतो हे मला चार महिन्यांत कळलं होतं. अॅप थांबवल्याचा मेल तासाभरात आला. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला, ओटी बांधली आणि मायच्या शेजारचा तास धरला. त्या दुपारी मी जितका कापूस वेचला तितका ना आधी वेचला, ना नंतर. ऊन कलतं झालं तेव्हा पऱ्हाटीची बोंडं अशी दिसत होती की कोणी मुद्दाम आतून उजेड लावलाय. मला वाटलं, गेली नोकरी तर जाऊ दे, हे वावर कुठे जात नाही. आणि लगेच वाटलं, नाही, मला ती नोकरी हवी आहे. मला ते काम येतं. आज सकाळपर्यंत जितकं येत होतं त्यापेक्षा जास्त येतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या आणि हात चालू होते. माय मध्येच एकदा माझ्याकडे बघायची आणि माझ्या तासातली दोन झाडं वेचून टाकायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. बाया पुन्हा लिंबाखालीच होत्या. आवाज मोठा ठेव म्हणून मावशीनेच सांगितलं.

"बटणाचं झालं," सर म्हणाले. "आता कितीही बोटं लागली तरी एकच नोंद जाते. आम्ही सगळ्यांनी तीन बोटांनी दाबून पाहिलं. यादीत ती ओळ कायमची घातली आहे. बाकी पानांवर काय काय असेल ते आम्हाला इथे बसून सुचत नाहीये." मग म्हणाले, "सहा महिन्यांची वाट न बघता तुमचं कायम झाल्याचं पत्र मी सकाळी पाठवलंय, मेल बघून घ्या. आणि एक विचारायचं होतं. त्या मावशी उद्या असतील का तिथे? फोटोचं पान त्यांच्याकडून तपासून घ्यावं म्हणतो. त्यांचं झालं की मगच खुलं करू. आम्ही सगळे थांबतो."

मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो काढला नाही. मी मावशीकडे पाहिलं. तिने शांतपणे चूळ भरली, तोंड पुसलं, आणि मला मध्ये न घेता सरळ फोनजवळ तोंड नेलं.

"उद्या नाई जमत साहेब. उद्या माया वावरात वेचाई आहे. परवाच्या दिसी, दव सुकल्यावर फोन लावजो."

पलीकडे सर कोणाला तरी म्हणाले, "लिहून घे रे. परवा, दव सुकल्यावर."